पान लागलं

छापलेल्या शब्दाची भीती वाटत नाही असं कुणी म्हणालं, तर मी समजतो की त्याने कधी काही छापलेलं नाही, किंवा छापलेलं कुणी वाचलेलं नाही. मी ज्या पुस्तिकेत आयुष्य काढलं ती लोक खरोखर वाचायचे. तीही सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुऊन, डोकं ताजं असताना. निवृत्त होऊनही सकाळी फोन वाजला की मी हातातला चहा खाली ठेवतो तो त्यामुळेच.

पुस्तिकेचं नाव ‘वळचण’. रत्नागिरीतून निघते. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ख्रिस्ती घरात सकाळची प्रार्थना असते. त्या वेळी वाचायला रोजचं एक पान. वर तारीख, खाली शास्त्रातलं एक वचन, त्यावर छोटंसं मनन आणि तळाशी दोन ओळींची प्रार्थना. आमच्या आळीतले एक गृहस्थ मला बरीच वर्षं ‘रोजचं भविष्य लिहिणारे’ समजत होते. मी त्यांना फरक समजावून सांगितला. त्यांना पटला. मला स्वतःला तो दर वेळी पटायचाच असं नाही.

ही पुस्तिका सुरू केली एका मिशन शाळेच्या मास्तरांनी. त्यांचे विद्यार्थी नर्स, कंपाउंडर, शिक्षक होऊन जिल्हाभर पांगले. कुणी मंडणगडच्या डोंगरात, कुणी खाडीपलीकडे. जवळपास देऊळ, म्हणजे चर्च, नाही, पाळक नाही, गावात ख्रिस्ती घर एवढं एकच. मास्तर दर आठवड्याला हाताने कागद लिहून पोस्टात टाकायचे. पुढे चक्रमुद्रण आलं, मग पायाने चालवायचं छपाई यंत्र, मग ऑफसेट, आणि आता फोन. वळचण हे नाव त्यांनीच ठेवलं. घर कुणाचंही असो, पावसात माणूस वळचणीखाली उभा राहू शकतो आणि त्याला जातगोत विचारत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नंतरच्या समित्यांनी हे नाव बदलून काहीतरी भारदस्त संस्कृत ठेवायचा प्रयत्न केला. तो फसला, कारण नवीन नाव कुणालाच नीट लिहिता येईना.

मास्तरांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला, चहाला उकळी येईपर्यंत पान वाचून व्हायला हवं. दुसरा, वाचकाला आज्ञा करायची नाही. ऊठ, जा, थांब अशी क्रियापदं मननात नकोत. मी नवीन असताना कारण विचारलं. मास्तर तेव्हा फार थकले होते. म्हणाले, “तू थांब लिहिशील आणि कुणीतरी खरंच थांबेल रे.”

मला तेव्हा हसू आलं होतं.

या धंद्यातली खरी अडचण अशी की पान फार आधी लिहावं लागतं. नाताळचं पान मी मे महिन्यात लिहायचो. बनियन घामाने भिजलेली, बाहेर आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकण्याचा आवाज, आणि कागदावर थंडी, मेंढपाळ नि तारा. आपण लिहितो तेव्हा तो दिवस कोरा असतो. उगवतो तेव्हा कुणाच्या घरात काय घेऊन उगवेल, ते आपल्याला माहीत नसतं. एका वर्षी मी डोक्यावरच्या छपराबद्दल कृतज्ञता मानणारं पान लिहिलं. चांगलं साधलं होतं. ते पान ज्या सकाळी उघडायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी वादळ आलं आणि मंडणगडच्या बाजूची निम्मी छपरं घेऊन गेलं. पुढचे काही दिवस मी ऑफिसातला फोन उचलायला धजत नव्हतो. शेवटी तिकडच्या एका शिक्षकाचं कार्ड आलं. “भाऊ, कौलं नाहीत. पत्रा नाही. पान तेवढं कोरडं आहे. वाचलं.” यात शिवी होती की सांत्वन, ते मला अजून कळलेलं नाही.

उलटही व्हायचं. एखादं पान मी कंटाळून, वीज गेलेली असताना, केवळ तारीख भरायची म्हणून लिहिलेलं असायचं, आणि नेमकं त्यावर फोन यायचे. “भाऊ, आज पान लागलं.” लागलं म्हणजे मनाला भिडलं, आपल्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं. आमच्या वाचकांचा हा खास शब्द. दुसरी कुठलीही पावती नाही, चांगलं नाही, छान नाही. पान लागलं किंवा पान लागलं नाही.

मार्थाबाईंनी मात्र हा शब्द कधीच वापरला नाही. मार्थाबाई म्हणजे निवृत्त नर्स. मालगुंडच्या वरच्या अंगाला कातळावर एक वाडी आहे, तिथे एकट्या राहायच्या. त्यांचा रोज सकाळी ऑफिसात फोन यायचा तो चूक कळवायला.

“भाऊ, सलाम. पाचव्या ओळीत ‘दिर्घ’ छापलंय. दीर्घ शब्दच ऱ्हस्व केलात तुम्ही.”

“बाई, मनन कसं वाटलं?”

“ते नंतर. आधी हे दुरुस्त करा.”

“छापून झालंय बाई, दुरुस्त कसं करू?”

“मग पुढच्या वेळी लाज बाळगा.”

जागेवरून हललेली कोणतीच गोष्ट बाईंना बघवत नसे. वेलांटी असो, भिंतीवरची तसबीर असो, नाहीतर आवाराच्या दगडी गडग्यातला चिरा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वळचणचा अमृतमहोत्सव आला तेव्हा समितीला सोहळ्याची हौस आली. पुस्तिका निघाली एका मास्तराच्या पडवीत, सोहळा मात्र मंडप, कमानी, शाली आणि पाहुण्यांचे बिल्ले यांच्याशिवाय होईना. कमानीवर मास्तरांचा फोटो होता. अध्यक्षांचा जरा मोठा होता. मधोमध सोनेरी अक्षरांत ‘वळचन’ लिहिलं होतं. न नळाचा.

अध्यक्ष पुण्याचे. कुठल्याशा मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर होते, निवृत्त झाल्यावर सेवेला लागले. माणूस वाईट नाही, पण शांत खोली दिसली की त्यांना भाषण सुचतं. मराठी शुद्ध, पुस्तकी, थोडी इंग्रजी शाळेतून आलेली. कोकणात ते वर्षातून एकदा समितीच्या सभेला येत आणि दर वेळी “इथल्या मातीशी माझं नातं आहे” असं सांगत. नातं कोणतं ते विचारायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

त्या सकाळी मला बाईंच्या फोनची धास्ती होती. कमानीवरचा ‘न’ त्यांच्या कानावर गेला असणार. त्यांच्या वाडीतली एकुलती एक रिक्षाही माणसं घेऊन आमच्या मंडपात पोचली होती. बाई स्वतः येणार नव्हत्या. “शाली बघायला मी एवढ्या लांब येत नाही,” असं त्यांनी आधीच कळवलं होतं. फोन आला नाही. मला बरं वाटलं. चिडल्या असतील, म्हटलं, उद्या ऐकू.

पाहुण्यांना नाष्टा देत होते तेव्हा अध्यक्ष ऑफिसात पंख्याखाली बसले होते. मी मंडपात खुर्च्या मोजण्याच्या गडबडीत. जरा वेळाने ते बाहेर आले ते चेहरा उजळूनच. मला म्हणाले, “भाऊ, आजच्या दिवशी देवाने साक्ष पाठवली. व्यासपीठावर सांगतो.”

उपासना झाली, गाणी झाली, शाली झाल्या. मग अध्यक्ष उठले.

“प्रियांनो, आज सकाळीच तुमच्या या कार्यालयात फोन वाजला. मी घेतला. एक साधीभोळी खेड्यातली भगिनी. अक्षरशः रडत होती. मला म्हणाली, साहेब, आमच्या बाईंना पान लागलाय. लागलाय! मंडणगडच्या डोंगरात, प्रियांनो, आपलं पान लागतं आणि एक स्त्री अश्रू ढाळते. तिला पुढे बोलवेना. मी म्हटलं, भगिनी, घाबरू नका. त्यांना शांत पडू द्या. कुठे हलवू नका. थांबा आणि प्रार्थना करा. आम्ही आहोत.”

पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या रांगा. मागच्या रांगांतून एकही टाळी आली नाही. तिथे गावोगावच्या बायका बसल्या होत्या. त्यांतली एक हळूच म्हणाली, “अगो बाय माझे.” दाराशी हनीफभाई उभे होते. आमचे गठ्ठे छापखान्यातून पोस्टात नेणारे, त्या दिवशी जीप घेऊन पाहुण्यांच्या दिमतीला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातातला चहाचा पेला तोंडाकडे जाता जाता मध्येच थांबला होता.

आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. त्याचं नाव घेतलं तर तो येतो, चावलेला असेल तर विष जास्त चढतं, अशी जुनी समजूत. दिसला तर ‘जनावर’ म्हणायचं. चावला तर म्हणायचं, पान लागलं.

आता तुम्ही विचाराल, इतकी वर्षं हा गोंधळ कधी झाला नाही का. नाही झाला. दोन्ही अर्थ आमच्या मंडळीत शेजाऱ्यांसारखे नांदत होते. बोलणाऱ्याच्या आवाजावरून कुठलं पान ते लगेच कळायचं. इथे आवाज ऐकला होता अध्यक्षांनी, आणि त्यांनी तो भक्तीत जमा केला होता.

मी व्यासपीठावर चढलो. भाषण आटोपा म्हणून चिठ्ठी द्यायला आलोय असं समजून त्यांनी मला हाताने थोपवलं.

“साहेब, फोन कुणाचा होता?”

“नंतर, भाऊ.”

“आत्ता सांगा. त्या बाईला साप चावलाय.”

ध्वनिक्षेपक चालू होता. माझे शब्द मंडपभर घुमले.

अध्यक्षांना राग आला, आणि मग हळूहळू दुसरं काहीतरी आलं. “नाव विचारलं नाही मी,” ते म्हणाले. “मंडणगड म्हणाली. बहुतेक.”

ऑफिसातला फोन जुन्या पद्धतीचा. त्यावर नंबर उमटत नाही. मंडपात मोबाइलला रेंज येत-जात होती. म्हणून मी त्याच फोनवरून मंडणगडच्या बाजूचे वाचक एकेक करून लावायला घेतले. तिकडून रत्नागिरीला यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. तिथेच कुठल्या तरी दवाखान्यात पोचवायला सांगायला हवं होतं. पण कुणाला पोचवायचं?

पहिला फोन छपराच्या कार्डवाल्या शिक्षकांना.

“गुरुजी, घरी सगळं ठीक? आज कुणाला पान लागलं का?”

“लागलं की हो भाऊ. काय लिहिलंयत.”

“तसं नव्हे. जनावराचं विचारतोय.”

“जनावराचं कुठाय त्यात? आजचं तर पेरणीवर आहे.”

दुसऱ्या घरी एक म्हातारे गृहस्थ. “लागलं, लागलं,” म्हणाले, “बायकोला तर फारच.” “कुठाय ती?” विचारलं तर म्हणाले, “ही काय, भाकऱ्या भाजतेय. देऊ?” तिसऱ्या घरच्या बाईंनी तर प्रार्थनेची शेवटची ओळ मला तोंडपाठ म्हणून दाखवली. आयुष्यभर ज्या शब्दासाठी मी झुरलो तो त्या दिवशी घराघरातून माझ्या कानावर पडत होता, आणि दर वेळी मी यादीतलं एक नाव खोडून पुढचा नंबर फिरवत होतो.

अध्यक्ष मागे येऊन उभे राहिले होते. “भाऊ,” ते म्हणाले, “लोक देवाची स्तुती करतायत आणि तुम्ही त्यात साप शोधताय.”

“साहेब, ती नेमकं काय म्हणाली? पहिल्यापासून सांगा.”

“म्हणाली ना, बाईंना पान लागलाय. मग गाडी का काहीतरी म्हणत होती, पण रडण्यात कळेना. मी तिला धीर दिला.”

“आणि गावाचं नाव?”

त्यांनी खिशातली कार्यक्रमपत्रिका काढून पाहिली. “म वरून होतं,” ते म्हणाले. “मंडणगड हे सकाळी पत्रिकेत वाचलं होतं. दूरचा वाचक म्हणून उल्लेख आहे ना.”

म वरून मालगुंड. मार्थाबाई. सकाळी न आलेला फोन. सगळं एकदम जागेवर बसलं. मी चौथ्या घराचा अर्धा फिरवलेला नंबर सोडून रिसीव्हर खाली ठेवला. ठेवला तोच फोन वाजला.

“मगाधरना लावतेय, लागतच नाय,” पलीकडची बाई ओरडून म्हणाली. “मी सुगंधा, बाईंच्या शेजारची. गाडी कुठवर आली?”

फोन लागत नव्हता, कारण तो माझ्या कानाला होता.

“कुठली गाडी?” मी विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कळलं.

“ते मोठे साहेब बोलले ना, हलवू नका, थांबा, आमी आहोत. बाई सकाळधरना थांबल्यात. आता हिरड्यांतना रगत येतंय.”

घडलं होतं ते असं. गडग्याचा एक चिरा निसटला होता. बाईंनी तो परत बसवायला हात घातला आणि पाय खालच्या फटीजवळ ठेवला. फटीत फुरसं होतं. वीतभर जनावर, कातळाच्याच रंगाचं. सुगंधा, जिचा नवरा मुंबईला असतो, धावत आली. बाई स्वतः पायाला पट्ट्या बांधत होत्या. त्यांनी तिला सांगितलं, माझ्या मोबाइलवर सगळ्यात वरचा नंबर दाब, भाऊंना सांग गाडी पाठवा. वरचा नंबर आमचाच. रोज सकाळी त्याच नंबरावर चुका कळवल्या जात. वाडीतली रिक्षा तर आमच्या मंडपाबाहेर आंब्याच्या झाडाखाली उभी होती. ‘आम्ही आहोत’ हे ऐकल्यावर सुगंधाने दुसरी गाडी बघायचं कारणच नव्हतं. मोठा माणूस आहोत म्हणाला, म्हणजे येतोय.

नाष्ट्याच्या वेळेला तो फोन आला होता. मी जीपकडे पळालो तेव्हा मंडपामागे जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली होती.

हनीफभाईंनी समुद्राकाठचा आरे-वाऱ्याचा रस्ता धरला. मी जवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून इंजेक्शन आहे याची खात्री करून घेतली. तिथली रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. आम्हीच लवकर पोचणार होतो. रस्त्यात वळणावर पर्यटकांच्या गाड्या आडव्यातिडव्या, लोक समुद्राकडे पाठ करून फोटो काढत होते. हनीफभाईंनी हॉर्नवरचा हात उचललाच नाही.

“फुरशाला घाई नसते भाऊ,” ते म्हणाले. “नागासारखं नाही. आमच्या मामूला लागलं होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत बोलत होते.”

“आणि मग?”

हनीफभाईंनी गिअर बदलला. “समोर बघू द्या मला,” म्हणाले.

माझ्या खिशात त्या दिवसाची पुस्तिका होती. नेहमीच असायची. पेरणीवरचं पान. किती छान जमलंय असं लिहिताना वाटलं होतं. आता त्यातला एक शब्दही मला आठवेना. भीतीत माणूस प्रार्थना करतो असं मी अनेकदा लिहिलं आहे. मी त्या रस्त्यावर फक्त वळणं मोजत होतो.

बाई पडवीत बाजेवर सरळ पडल्या होत्या. दुखऱ्या पायाच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याची दोन पुस्तकं आणि त्यावरून लुगड्याच्या पट्ट्या. जवळ जाऊन पाहिलं तर ते वळचणचे वर्षभराचे बांधीव खंड होते. पाय सुजून चकचकीत झालेला. ओठांच्या कोपऱ्यात रक्ताची बारीक रेघ. सुगंधा त्यांच्या उशाशी बसून ते सारखं पुसत होती.

“एवढा वेळ गाडीला?” बाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती.

“अध्यक्षांना वाटलं पान लागलं म्हणजे...”

बाईंनी डोळे मिटले. त्यांना कळलं होतं. त्यांच्या पोटावरची चादर हलायला लागली. त्या हसत होत्या की थरथरत होत्या, मला सांगता येणार नाही. मग म्हणाल्या, “खंड तसेच राहू देत. तुमच्या लिखाणाचा पहिल्यांदा आधार झालाय.”

आम्ही त्यांना बाजेसकट उचलून जीपमध्ये ठेवलं. मागे त्यांच्याजवळ मी बसलो. वाडीचा रस्ता खडबडीत. दर खड्ड्याला त्यांचा हात माझ्या मनगटावर आवळत होता. काहीतरी करायला हवं म्हणून मी सवयीने खिशात हात घातला आणि पुस्तिका बाहेर काढली.

“नको,” बाई म्हणाल्या.

“वचन तरी वाचू का?”

“काही वाचू नका. मी शेकडो माणसांजवळ बसले, भाऊ. त्यांना सांगायचे, घाबरू नका. कुणी घाबरायचं थांबलं नाही.” मग जरा थांबून, अगदी लहान आवाजात, “मला भीती वाटते. नुसते बसा.”

मी नुसता बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत याच्याइतकं अवघड काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सलाइनमधून औषध चालू केलं आणि रत्नागिरीला पुढे पाठवलं. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी एका काचेच्या नळीत बाईंचं थोडं रक्त घेतलं आणि ते खिडकीत उभं करून ठेवलं. मी विचारलं, हे कशाला. डॉक्टर म्हणाले, आपलं रक्त नळीत ठेवलं की थोड्या वेळाने त्याची गुठळी होते. फुरशाचं विष असेल तर होत नाही. थोड्या वेळाने ते आले, नळी उचलली आणि तिरपी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. डॉक्टरांनी नळी खिडकीत परत ठेवली. आणखी औषध चढवायला सांगून निघून गेले.

बाहेर बाकावर अध्यक्ष बसले होते. सोहळा अर्धा टाकून आले होते. खांद्यावर अजून सत्काराची शाल. ती काढायचंही भान त्यांना राहिलं नव्हतं. मी शेजारी बसलो. त्यांचं भाषण संपलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“आणखी काय काय लागतं, भाऊ?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं. “तुमच्याकडे?”

मी सांगायला लागलो. दृष्ट लागते, ठेच लागते, उचकी लागते, ओढ लागते, घर लागतं, समुद्रावर होडी लागते. ते लहान मुलासारखे ऐकत होते. मध्येच म्हणाले, “मी तिला थांबा म्हणालो.” मी त्यांना मास्तरांचा दुसरा नियम सांगितला नाही. खरं तर सांगणार होतो. त्यांचा चेहरा पाहिला आणि गिळला.

नळ्या पुन्हा पुन्हा भरल्या गेल्या. दर वेळी त्या तिरप्या होताना पाहायला लागू नये म्हणून मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या पाटीकडे बघत राहायचो. त्या पाटीवरच्या शुद्धलेखनाच्या चुका मला आजही पाठ आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी नळी तिरपी केली आणि तशीच धरून ठेवली. “बघा,” म्हणाले. मी पाहिलं. रक्त जागेवरून हललं नाही. माझ्या पुस्तिकेत मी देवाच्या कृपेला दिवा म्हटलंय, झरा म्हटलंय, आणखी काय काय म्हटलंय. काचेला चिकटून बसलेली काळपट गुठळी कधी म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहायला हवी. इतका उशीर होऊनही बाई वाचल्या, कारण पाय हलला नाही. चालवलं नाही, कापलं नाही, घट्ट आवळलं नाही. “कुणीतरी हलवू नका असं सांगितलं होतं ना, ते बरोबर होतं,” ते म्हणाले. हे अध्यक्षांच्या कानावर गेलं. त्या बाकावरचा माणूस काही दिवस टिकला, मग पुन्हा अध्यक्ष झाला. त्या वर्षीच्या अहवालात एक वाक्य आलं, की अध्यक्षांनी दूरध्वनीवरून तत्परतेने केलेल्या मार्गदर्शनामुळे एका भगिनीचे प्राण वाचले. प्रूफ माझ्याकडेच आलं. मी नीट तपासलं. एकही वेलांटी चुकली नव्हती.

सुगंधाला कुणी शाल दिली नाही. तिला ती नकोच होती. तिला एवढंच हवं होतं की आमच्या ऑफिसात फोन उचलणारा माणूस आमच्या बाजूचा असावा. ते मी नोकरीत असेपर्यंत पाळलं.

आता वळचण मोबाइलवर येते. पहाटे आपोआप सुटते, चहा ठेवायच्या आधीच पोचते. पानं नवी माणसं लिहितात, चांगली लिहितात. मी घरी असतो. वाचक अजून माझ्याच नंबरावर पावती देतात. “भाऊ, आज पान लागलं.” आणि दर वेळी, बाकी काही बोलायच्या आधी, माझ्या तोंडून एकच प्रश्न जातो, “कुठे?” काही जण हसतात. काही जणांना वाटतं म्हातारा चळला. उत्तर येईपर्यंतचा तो जो क्षण असतो, त्यात ती नळी माझ्यासमोर तिरपी होत असते.

मार्थाबाईंचा पाय थोडा जड राहिला. काठी घेऊन चालतात. गडग्याचा तो चिरा अजून तसाच निसटलेला आहे. तेवढी एक गोष्ट त्यांनी जागेवर बसवायची सोडून दिली आहे. चुकांचा फोन मात्र रोज येतो, आता माझ्या घरी, कारण नव्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घ सांगून उपयोग नाही असं त्यांचं मत.

परवा सकाळी फोन वाजला. बाईंचा. सलाम नाही, ओळ नाही, शब्द नाही.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “आज पान लागलं.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. हनीफभाईंचा नंबर मनात जुळवता जुळवता मी कसंबसं विचारलं, “कुठे?”

पलीकडे काठी टेकवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, “तिसऱ्या ओळीत.”

मी खाली बसलो.

“पण तिथे ‘भिती’ छापलंय,” त्या म्हणाल्या. “त्या मुलांना सांगा. भीती दीर्घ असते.”